स्क्रिप्टमधून ब्राउझरचा कलर पिकर उघडताना: कधी उघडतो, कधी का उघडत नाही

आपला प्रश्न मी समजलो त्याप्रमाणे असा आहे. कार्डांची नक्षी ठरवण्याच्या पानावर रंगांच्या गोल टिकल्या आहेत. टिकलीवर डबल-क्लिक केले की ब्राउझरचा स्वतःचा कलर पिकर, म्हणजे रंग निवडण्याची खिडकी, उघडावा आणि निवडलेला रंग त्या टिकलीला लागावा, अशी आपली अपेक्षा आहे. त्यासाठी आपण 'कलर' टाइपचा एक इनपुट (रंग भरण्याचा घटक) पानात ठेवला आहे, तो सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत) 'डिस्प्ले नन' देऊन लपवला आहे, आणि डबल-क्लिक झाल्यावर सर्व्हरकडून त्या टिकलीचा जतन केलेला रंग मागवून, उत्तर आल्यानंतर त्या इनपुटवर 'क्लिक' मेथड (स्क्रिप्टने द्यायची आज्ञा) चालवता. आपल्या संगणकावरील क्रोममध्ये हे चालते, काही ग्राहकांकडे चालत नाही, कुठे एररही दिसत नाही, आणि तीच ओळ कन्सोलमध्ये (ब्राउझरमध्ये कोड थेट चालवून बघण्याच्या जागी) टाइप केली की पिकर मुकाट्याने उघडतो.

यात 'पिकर कोणत्या मेथडने उघडायचा' हा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न असा आहे की उघडण्याची विनंती ब्राउझरपर्यंत पोहोचते तेव्हा ती वापरकर्त्याच्या कृतीतून आली आहे असे ब्राउझरला दिसते की नाही. कलर पिकर पानाच्या मालकीचा नसतो. तो ब्राउझरचा, आणि काही ठिकाणी तर थेट ऑपरेटिंग सिस्टिमचा असतो, आणि पानाला तो केवळ मागता येतो. कोणत्याही पानाला मनात येईल तेव्हा पडद्यावर खिडक्या उघडता आल्या असत्या तर त्याचा गैरवापर झाल्याशिवाय राहिला नसता, म्हणून एचटीएमएलच्या मानकात (वेब पानांच्या भाषेच्या अधिकृत नियमांत) अशी अट आहे की वापरकर्त्याने नुकतीच काही कृती केलेली असली पाहिजे. माउसचे बटण दाबणे, कळफलकावरील कळ दाबणे, बोटाने स्पर्श करून बोट उचलणे या कृती त्यात मोजल्या जातात. माउस नुसता वरून नेणे, पान सरकवणे, टायमर संपणे, सर्व्हरचे उत्तर येणे या गोष्टी मोजल्या जात नाहीत. एस्केप कळसुद्धा मोजली जात नाही.

अशी कृती झाली की पानाला थोड्या वेळापुरती परवानगी मिळते. ही मुदत नेमकी किती असावी हे मानकाने ब्राउझरांवर सोडले आहे, फक्त ती काही सेकंदांहून जास्त नसावी अशी अपेक्षा ठेवली आहे. क्रोममध्ये ती साधारण ५ सेकंदांची आहे. आपल्या कोडमध्ये डबल-क्लिक आणि पिकर उघडणे यांच्या मध्ये सर्व्हरची एक पूर्ण फेरी आहे. आपल्या घरच्या जोडणीवर ती फेरी क्षणात होते, परवानगी शिल्लक असते आणि पिकर उघडतो. ग्राहकाचे नेटवर्क मंद असेल किंवा त्याच्या ब्राउझरने मुदत आखूड ठेवली असेल, तर उत्तर येईपर्यंत परवानगी संपलेली असते. त्यामुळे 'आमच्याकडे चालते, त्यांच्याकडे चालत नाही' हा अनुभव येतो आणि माणूस ब्राउझरची आवृत्ती, अँटिव्हायरस, एक्स्टेन्शन यांत कारण शोधत बसतो.

कन्सोलचा अनुभव याच कारणाने दिशाभूल करतो. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये कन्सोलवर टाइप केलेली ओळ वापरकर्त्याची कृती धरूनच चालवली जाते आणि हे बंद-चालू करण्याची सोय तिथल्या सेटिंग्जमध्ये आहे. त्यामुळे कन्सोलमध्ये पिकर उघडला यावरून इनपुट ठीक आहे एवढेच कळते. तीच ओळ पानाच्या ओघात चालेल की नाही याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. मी कन्सोलवरील चाचणी या कामासाठी वापरत नाही. पानावर खरे बटण ठेवतो, खऱ्या माउसने दाबतो आणि डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करून पुन्हा दाबतो. आपला दोष आपल्याच संगणकावर बघायचा असेल तर हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

एरर का दिसत नाही, याचेही उत्तर इथेच आहे. इनपुटवर 'क्लिक' मेथड चालवली आणि परवानगी नसली तर क्लिकचा इव्हेंट (क्लिक झाल्याची पानातली सूचना) होतो, पिकर उघडत नाही, आणि कोडला काही कळवलेही जात नाही. यासाठीच वेगळी मेथड आणली गेली. तिचे नाव 'शो' आणि 'पिकर' हे दोन शब्द जोडून लिहायचे, त्यातल्या 'पिकर'चे पहिले अक्षर कॅपिटल, आणि पुढे रिकामा कंस. क्रोमच्या ९९व्या आवृत्तीत, फायरफॉक्सच्या १०१व्या आवृत्तीत आणि सफारी १६ मध्ये ती आली, आणि हे तिन्ही २०२२ सालचे आहे. परवानगी नसेल तर ही मेथड 'नॉट-अलाउड' एरर फेकते, इनपुट डिसेबल केलेला असेल तर 'इनव्हॅलिड-स्टेट' एरर फेकते. म्हणजे अपयश झाले तर ते का झाले हे पकडता येते, नोंदवता येते आणि वापरकर्त्याला 'पुन्हा एकदा दाबा' असे सांगता येते. मी नव्या कामात हीच मेथड वापरतो, ती आहे का हे आधी तपासतो, आणि नसेल तरच जुन्या 'क्लिक'कडे वळतो.

या दोन मेथडमध्ये आणखी एक फरक आहे आणि तो पुष्कळांना त्रास देतो. 'क्लिक' मेथड खरोखरचा क्लिक इव्हेंट निर्माण करते आणि तो इव्हेंट इनपुटला सामावणाऱ्या बाहेरच्या घटकांपर्यंत चढत जातो. इनपुट ज्या डब्यात आहे त्याच डब्यावर आपला क्लिक हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) लावलेला असेल, तर वापरकर्त्याच्या एका क्लिकला तो हँडलर दोनदा चालतो: एकदा खऱ्या क्लिकने आणि एकदा आपण निर्माण केलेल्या क्लिकने. त्यात एखादा टॉगल असेल तर तो चालू होऊन लगेच बंद होतो आणि दोष शोधणे फार अवघड जाते. 'शो-पिकर' कोणताही क्लिक इव्हेंट निर्माण करत नाही.

आता आपल्या कोडची रचना. सर्व्हरची फेरी क्लिक आणि पिकर यांच्या मधून काढून टाकणे हे पहिले काम. टिकलीचा रंग तर पडद्यावर आधीच दिसतो आहे, मग तो पिकर उघडण्याच्या वेळी पुन्हा मागवण्याचे कारण मला दिसत नाही. पान लोड होताना सगळे रंग एकदाच मागवावेत आणि प्रत्येक टिकलीजवळ तिचा रंग नोंदवून ठेवावा. नवा रंग सर्व्हरला कळवायचा तो निवड झाल्यानंतर. मधल्या क्षणात, म्हणजे हँडलरच्या आत, फक्त दोन गोष्टी व्हाव्यात: इनपुटच्या 'व्हॅल्यू'मध्ये सध्याचा रंग भरणे आणि लगेच 'शो-पिकर' चालवणे. त्या दोहोंच्या मध्ये 'अवेट' (उत्तराची वाट पाहायला लावणारी आज्ञा) नको, टायमर नको, 'खरंच बदलायचा का?' असे विचारणारी कन्फर्मची खिडकीही नको, कारण माणूस ती वाचत असताना मुदत संपू शकते. काही क्रिया परवानगी वापरूनच टाकतात. स्क्रिप्टने नवी खिडकी उघडणे ही त्यांतली एक आहे, म्हणून एकाच क्लिकमध्ये आधी खिडकी आणि मग पिकर अशी अपेक्षा ठेवू नये.

रंग भरण्याबद्दल एक सावधगिरी. टिकलीचा रंग आपण तिच्या लागू झालेल्या सीएसएसमधून वाचत असाल तर तो 'आरजीबी(५१, १०२, १५३)' अशा रूपात मिळतो. कलर इनपुटला मात्र वर्षानुवर्षे एकच रूप समजत आले आहे: हॅशचे चिन्ह आणि पुढे सहा अंकी हेक्स (सोळाच्या पायावर लिहिलेली संख्या), म्हणजे याच रंगासाठी #३३६६९९. वेगळ्या रूपातली व्हॅल्यू दिली तर जुने ब्राउझर तक्रार न करता ती टाकून देतात आणि काळा रंग, म्हणजे #००००००, धरतात. मग पिकर उघडतो खरा, पण दरवेळी काळ्यावर उघडतो. रंगाचे नाव किंवा तीन अंकी हेक्स दिले तरी तेच होते. मानक आता सुधारले असून सीएसएसचे इतर रंगप्रकार स्वीकारण्याची तरतूद त्यात आली आहे, पण ग्राहकांकडे कोणते ब्राउझर आहेत यावर आपले नियंत्रण नसते, म्हणून रूपांतर स्वतः करून सहा अंकी हेक्सच भरणे मला योग्य वाटते. रिकामी व्हॅल्यूसुद्धा काळीच होते, त्यामुळे 'अजून रंग निवडलेला नाही' ही अवस्था इनपुटमध्ये ठेवता येत नाही. ती आपल्याला वेगळी नोंदवावी लागते.

दुसरे काम लपवण्याच्या पद्धतीचे. 'डिस्प्ले नन' दिलेल्या घटकाला पानावर जागाच उरत नाही. बहुतेक डेस्कटॉप ब्राउझर पिकर इनपुटच्या शेजारी उघडतात, आणि ज्याला जागा नाही त्याच्या शेजारी म्हणजे कुठे, याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या परीने दिले आहे. कुठे पिकर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात उघडतो, कुठे उघडतच नाही. म्हणून इनपुट नाहीसा करण्याऐवजी पारदर्शक करावा. टिकलीला 'पोझिशन रिलेटिव्ह' द्यावे, इनपुट तिच्या आत 'पोझिशन ॲब्सोल्यूट' करून टिकलीएवढाच पसरावा आणि त्याची 'ओपॅसिटी' शून्य करावी. आता पिकर टिकलीला लागूनच उघडेल.

आणि इथपर्यंत आल्यावर लक्षात येईल की स्क्रिप्टची गरजच जवळजवळ संपली आहे. टिकलीवर दिसत नसलेला पण खरा इनपुट पसरलेला असेल तर वापरकर्त्याचे बोट किंवा माउस थेट त्या इनपुटवरच पडतो आणि ब्राउझर पिकर स्वतःहून उघडतो. परवानगीचा प्रश्न नाही, मुदतीचा नाही, मेथड आहे की नाही हे तपासण्याचा नाही. टॅब कळीने तिथे पोहोचता येते आणि कळफलकावरून पिकर उघडता येतो. मात्र फोकस आल्यावर टिकलीभोवती कडा दिसेल अशी सीएसएस आपल्याला लिहावी लागते, कारण पारदर्शक इनपुटची स्वतःची कडा दिसत नाही. हेच 'लेबल' वापरूनही साधते: टिकली म्हणजे लेबल, आणि त्याच्या 'फॉर'मध्ये इनपुटची आयडी. माझ्या कामात जिथे 'रंगाच्या चौकोनावर दाबले की पिकर' एवढीच गरज असते तिथे मी स्क्रिप्टने पिकर उघडत नाही. स्क्रिप्ट फक्त बदल ऐकते. राईट-क्लिकच्या मेनूतला 'रंग बदला', कळफलकावरचा शॉर्टकट, कॅनव्हासवर (पानातल्या चित्रफलकावर) काढलेल्या आकृतीवरचा क्लिक अशा ठिकाणी दाबण्याची जागा आणि इनपुट एक असू शकत नाहीत, आणि तिथे 'शो-पिकर' खरोखर उपयोगी पडतो. कॅनव्हासच्या बाबतीत उघडण्यापूर्वी इनपुटला क्लिक झालेल्या बिंदूपाशी नेऊन ठेवावे, म्हणजे पिकर त्या आकृतीजवळ येतो.

आपल्याला डबल-क्लिकच हवा आहे का, याचा मात्र पुन्हा विचार करावा असे मी मनापासून सुचवतो. परवानगीच्या दृष्टीने डबल-क्लिक चालतो, कारण त्यात माउसचे बटण दाबले गेलेलेच असते. पण मोबाईलवर दोनदा टॅप करणे म्हणजे पान मोठे करणे अशी सवय लोकांच्या हातात आहे, आणि कळफलक वापरणाऱ्याला डबल-क्लिक करताच येत नाही. एका क्लिकने टिकली निवडायची आणि दुसऱ्याने पिकर उघडायचा असा आपला हेतू असेल, तर निवडलेल्या टिकलीशेजारी पेन्सिलचे छोटे बटण दाखवणे अधिक स्पष्ट ठरते.

रंग परत मिळण्याच्या टप्प्यावर दोन इव्हेंट असतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. 'इनपुट' हा इव्हेंट माणूस पिकरमध्ये रंग सरकवत असताना पुन्हा पुन्हा येतो आणि 'चेंज' हा निवड कायम झाल्यावर, म्हणजे साधारणपणे पिकर बंद होताना येतो. टिकलीचा रंग लगोलग बदलून दाखवायचा असेल तर 'इनपुट' ऐकावा. सर्व्हरला कळवणे, अनडूच्या यादीत नोंद करणे ही कामे मात्र 'चेंज'वर करावीत. ती 'इनपुट'वर टाकली तर रंगपट्टीवर एकदा माउस ओढला की सर्व्हरकडे विनंत्यांचा पाऊस पडतो आणि अनडू करताना माणसाला छटांमागून छटा उलट्या मोजाव्या लागतात. स्क्रिप्टने व्हॅल्यू भरली तर यांतला कोणताही इव्हेंट येत नाही. आणि माणसाने पिकर उघडून आधीचाच रंग ठेवला तर 'चेंज' येणार नाही, म्हणून 'पिकर बंद झाला' हे ओळखण्यासाठी 'चेंज'वर विसंबून राहू नये. निवड रद्द केल्याची वेगळी सूचना कलर इनपुटकडून मिळेल असे धरून चालू नये, आणि स्क्रिप्टने पिकर बंद करण्यासाठी 'शो-पिकर'ला जोड अशी मेथडही मानकात नाही. उघडण्यापूर्वीचा रंग जवळ राखून ठेवला तर पूर्वीचा रंग परत लावण्याचे बटण आपल्याला देता येते.

सर्व टिकल्यांसाठी एकच इनपुट वापरायचा की प्रत्येकीला वेगळा, हे पानावर किती टिकल्या आहेत त्यावर ठरते. दहा-वीस असतील तर प्रत्येकीत स्वतंत्र इनपुट असणे सर्वांत सुरक्षित. शेकडो चौकोनांची रांगोळीसारखी जाळी असेल तर एकच इनपुट वापरणे समजण्यासारखे आहे, पण तेव्हा 'सध्या कोणती टिकली' ही नोंद काळजीपूर्वक ठेवावी लागते. मॅकवर फायरफॉक्स सिस्टिमचे रंगांचे पॅनेल उघडतो, आणि ते उघडे असतानाही माणूस पानावर दुसरीकडे दाबू शकतो. त्या दाबण्याने 'सध्याची टिकली' बदलली तर पॅनेलमधला पुढचा रंग भलत्याच टिकलीला लागतो. पिकर सगळीकडे एकसारखा दिसेल, एकसारखा वागेल अशी अपेक्षा म्हणून धरू नये. डेस्कटॉपवरील क्रोमचा पिकर त्याचा स्वतःचा आहे, विंडोजवर फायरफॉक्स विंडोजची रंगखिडकी आणतो, सफारी आधी ठराविक रंगांची छोटी जाळी दाखवतो, आणि अँड्रॉइडवरील क्रोममध्ये पडद्याच्या मधोमध संवादखिडकी येते. त्यांचे रूप सीएसएसने बदलता येत नाही. आपल्या हाती एवढेच असते की 'डेटालिस्ट' जोडून काही ठराविक रंग सुचवावेत, आणि जो ब्राउझर ती यादी मानतो तो ते रंग पुढे ठेवतो. छापखान्याच्या कामात, जिथे ग्राहकाने ठराविक शाईच्याच छटा निवडाव्यात असे वाटते, तिथे ही सोय उपयोगी असली तरी ती बंधनकारक नाही, हे ध्यानात ठेवावे.

पारदर्शकता हवी असेल तर इथेच थांबून निर्णय घ्यावा लागतो. सहा अंकी हेक्समध्ये पारदर्शकतेला जागा नाही. नव्या मानकात 'अल्फा' आणि 'कलरस्पेस' असे दोन ॲट्रिब्यूट आले आहेत, पण सर्व ग्राहकांकडे ते चालतील असे गृहीत धरता येणार नाही. मी अशा वेळी रंगासाठी कलर इनपुट आणि पारदर्शकतेसाठी शेजारी वेगळी सरकपट्टी ठेवतो. माणसाला ते समजायला सोपे जाते आणि प्रत्येक ब्राउझरमध्ये चालते. पडद्यावरील एखाद्या बिंदूचा रंग उचलण्याची गरज असेल तर 'आय-ड्रॉपर' नावाची वेगळी सुविधा क्रोमच्या ९५व्या आवृत्तीपासून, २०२१ पासून आहे. तिलाही वापरकर्त्याची कृती लागते आणि पान एचटीटीपीएसवर असावे लागते. मात्र फायरफॉक्स आणि सफारीने ती घेतलेली नाही, म्हणून तिचे बटण ती उपलब्ध असेल तेव्हाच दाखवावे.

आपले पान दुसऱ्याच्या संकेतस्थळात आयफ्रेम म्हणून बसवले जाते का, हे प्रश्नात स्पष्ट झालेले नाही. तसे असेल तर एक दिलासा आणि एक अडचण आहे. 'शो-पिकर' वेगळ्या ओरिजिनच्या (वेगळ्या संकेतस्थळावरून आलेल्या) आयफ्रेममध्ये तारीख-वेळेच्या इनपुटांसाठी सिक्युरिटी एरर फेकतो, पण कलर आणि फाइल या दोन प्रकारांना त्यातून वगळले आहे, त्यामुळे आयफ्रेममधली टिकली आयफ्रेममध्येच दाबली तर पिकर उघडेल. अडचण ही की 'रंग बदला' हे बटण बाहेरच्या पानावर असेल आणि ते दाबल्यावर मेसेज पाठवून आतला पिकर उघडायचा असेल, तर ते चालणार नाही. बाहेरच्या पानावर केलेल्या कृतीची परवानगी वेगळ्या ओरिजिनच्या आतल्या आयफ्रेमला मिळत नाही. अशा रचनेत एकतर बटण आत घ्यावे लागते, नाहीतर कलर इनपुट बाहेरच्या पानावर ठेवून निवडलेला रंग मेसेजने आत पाठवावा लागतो. दुसरा पर्याय बहुधा सोपा असतो, कारण आत जायचे ते फक्त #३३६६९९ सारखे सात अक्षरांचे मूल्य असते, आणि ते कधी पोहोचले याला मुदत नसते.